ज्याला घर नव्हते त्याने घरे बांधली



आज आपल्यापुढे ज्या माणसाचे चरित्र ठेवीत आहे तो धम्मदीक्षा घेतलेला नव्हता. तो गावोगाव कीर्तन करीत असे आणि त्याच्या तोंडी विठ्ठलाचे नाव असे. ज्या घरांनी नुकतेच देव्हारे उतरवून तथागतांची मूर्ती बसविली, त्या घरांतील मंडळी विचारतील की हे चरित्र आपल्या पाक्षिकात कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे, कारण हा लेख त्या चुकीतूनच जन्माला आला.

मी सोनाळ्याच्या परिसरात शिक्षक आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संग्रामपूर तालुक्यातले. मागच्या पावसाळ्यात गावच्या थांब्यावर एक अनोळखी माणूस येऊन राहिला. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर पोत्याचा तुकडा, जवळ एक फुटके भांडे. तो कोणाला काही मागत नव्हता. पण दोन दिवसांत गावात बोलणे सुरू झाले. कोणी म्हणे चोर आहे, कोणी म्हणे वेडा आहे, कोणी म्हणे पोरे पळविणारा आहे. मी शिकलेला माणूस. मी काय करावे? मी वर्गात मुलांना बजावले की त्या बाजूने जाऊ नका, तो माणूस चांगला नाही. चार दिवसांनी तो दिसेनासा झाला. कोणी हाकलला की आपणहून गेला, कळले नाही. त्याचे नाव काय, गाव कोणते, जेवला होता की नाही, हे गावात कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

पुढे २३ फेब्रुवारीला शाळेत गाडगेबाबांची जयंती झाली. फोटोला हार घातला, मी भाषण केले. कार्यक्रम संपल्यावर सहावीतील एका मुलीने मला बाजूला येऊन विचारले की, थांब्यावरचा तो माणूस आणि फोटोतले बाबा यांत फरक काय? फोटोतल्या बाबांच्या अंगावरही चिंध्याच आहेत, हातात फुटके गाडगेच आहे. मग एकाला हार आणि दुसऱ्यापासून दूर राहा, असे का?

मला उत्तर देता आले नाही. माझी पदवी ज्या विद्यापीठाची, त्याचे नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. ते प्रमाणपत्र आईने भिंतीवर लावले आहे. त्यावर ज्याचे नाव छापले आहे तो अर्धे आयुष्य उघड्यावर झोपलेला माणूस होता, हे मी कधी ध्यानातच घेतले नव्हते. म्हणून ते चरित्र पुन्हा वाचले. ते तुम्हांला सांगतो.

डेबू

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेणगाव (शेंडगाव) येथे. जात परीट, ज्यांना आपल्याकडे वरठी म्हणतात. गावाचे मळके कपडे धुणारी ही जात, आणि गावाने तिलाच खालची मानली. घाण करणारा वरचा आणि घाण काढणारा खालचा, हा चातुर्वर्ण्याचा हिशोब तुम्हांला नव्याने सांगायला नको.

वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. घरदार, शेतीवाडी, होते नव्हते ते दारूत गेले. १८८४ साली ते वारले तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा या गावी आली. हे लक्षात ठेवा की या माणसाचे घर पहिल्यांदा गेले ते त्याच्या आठव्या वर्षी, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. आज रस्त्याच्या कडेला जे लेकरू दिसते, त्याच्याही मागे असाच एखादा झिंगराजी असेल. त्या लेकराला शिवी देण्याआधी हे आठवावे. आपण पंचशीलात मद्यपानापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा घेतो. ती केवळ स्वतःच्या शरीरासाठी नसते. आपल्यामागे आपल्या लेकरांच्या डोक्यावर छप्पर राहावे, यासाठीही ती असते.

मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. कष्टाला तो कधी मागे हटला नाही. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण देण्याऐवजी त्याने गोड जेवण घातले. जातभाई रागावले. तरी तो बधला नाही.

मग सावकार आला. मामाला लिहिता-वाचता येत नव्हते. कर्ज किती घेतले, फेडले किती, व्याज किती चढले, सारे सावकाराच्या वहीत. मामाचा फक्त अंगठा. त्या अंगठ्यावर शेत गेले. घर बुडते ते असे. ज्याचे बुडते तो आळशी नसतो. तो पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत असतो. त्याला फक्त कागद वाचता येत नसतो. बाबांनी पुढे पन्नास वर्षे कीर्तनातून दोन गोष्टींवर सर्वांत जास्त भर दिला. कर्ज काढू नका, आणि लेकरांना शिकवा. ताट मोडून खावे लागले, अंगावरचे लुगडे जुने राहिले तरी चालेल, पण पोराला शाळेत घाला, असे ते सांगत. ही शिकवण पुस्तकातून आलेली नव्हती. मामाच्या गेलेल्या शेतातून ती आली होती.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. एकोणतीस वर्षे पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. घरी म्हातारी आई होती, बायको होती, लेकरे होती. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि मातीचे एक गाडगे, एवढेच घेऊन ते निघाले.

येथे थोडे थांबू या. सिद्धार्थ गौतमांनीही एकोणतिसाव्या वर्षी घर सोडले. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे की, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात जो कलह उठला, त्यात युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थांना हा मार्ग पत्करावा लागला. पाली भाषेत भिक्खूच्या जीवनाला एक शब्द आहे, अनागारिक. अगार म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनागारिक. आपल्या धम्मात हा शब्द आदराचा आहे. पहिले भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, शिवून त्यांचे चीवर करीत. त्याला पंसुकूल म्हणतात. हातात भिक्षापात्र, रात्री झाडाखाली निवारा. तेव्हा आपण ज्या संघाला शरण जातो तो संघ मुळात बेघर माणसांचा होता. आपण रोज त्रिशरण म्हणतो, पण ही गोष्ट आपल्या मनात येत नाही.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. डेबूजी गेले तेव्हा घराचा भार कुंताबाईंवर आणि सखुबाईंवर पडला. जगाने बाबांना हार घातले, पण त्या दोघी बायांनी जे सोसले त्याची जयंती होत नाही. वाचणाऱ्या उपासिकांनी हे ध्यानी घ्यावे आणि उपासकांनी तर अवश्य घ्यावे. घर सोडणे हा आपल्यासाठी धडा नाही. बाबांनीही कोणाला घर सोडायला सांगितले नाही. उलट घर सांभाळा, दारू सोडा, बायकोला मारू नका, असेच ते आयुष्यभर सांगत राहिले.

चिंध्या आणि खराटा

पुढली बारा वर्षे ते पायी फिरले. आपल्या जिल्ह्यातून वाहणाऱ्या त्याच पूर्णा नदीच्या काठावर, वऱ्हाडातील ऋणमोचन येथे यात्रेला येणाऱ्या लोकांचे हाल पाहून त्यांनी घाट बांधण्याच्या कामाला हात घातला. पण गावोगावच्या लोकांना ते कोण हे ठाऊक नव्हते. त्यांना दिसे ते एवढेच की निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर टोपीसारखे पालथे घातलेले गाडगे, हातात खराटा. कोणी त्यांना गोधडे बुवा म्हणे, कोणी चिंधे बुवा, कोणी लोटके महाराज. नाव लोकांनी दिले, त्यांनी ते घेतले.

वेडा समजून पोरांनी दगड मारावेत, चोर समजून हाकलून द्यावे, असे अनुभव त्यांना पुष्कळ आले. बेघर माणसाविषयी लोकांच्या मनात जे जे ग्रह असतात, ते सारे या एका माणसावर येऊन आदळले. तेव्हा त्याच्याच आयुष्याने ते एकेक तपासून पाहू.

पहिला ग्रह असा की असा माणूस घाणेरडा असतो. बाबा गावात शिरताच पहिले काम कोणते करीत? झाडणे. गटार उपसणे. ज्या गावाने त्यांना घाणेरडे म्हणून हाकलले, त्या गावाची घाण ते काढीत. दिवसा हातातल्या खराट्याने रस्ता झाडावा आणि रात्री त्याच जागी कीर्तन करून लोकांच्या डोक्यातील केर काढावा, हा त्यांचा रिवाज. अंग मळके असते कारण आंघोळीला जागा नसते. आपल्या पूर्वजांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही आणि वर त्यांनाच अस्वच्छ म्हटले. हे बोलणे आपण ऐकलेले आहे, ते आपण दुसऱ्याला ऐकवू नये. महाडचे चवदार तळे कोणत्याही आंबेडकरी घराला विसरता येत नाही.

दुसरा ग्रह असा की असा माणूस आळशी आणि ऐतखाऊ असतो. बाबा फुकटची भाकर खात नसत. आधी लाकडे फोडून द्यायची, शेतात हात लावायचा, अंगण झाडायचे, मग भाकर घ्यायची. आणि आजचे पाहा. मोठ्या शहरात फुटपाथवर झोपणाऱ्यांपैकी पुष्कळ माणसे दिवसभर हमाली करतात, इमारतीवर गारा कालवतात, कचरा वेचतात, हातगाडी ओढतात. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हा न्यायालयानेही मान्य केले की ही माणसे कामाजवळ राहता यावे म्हणून तेथे राहतात आणि त्यांचा निवारा काढला तर त्यांची रोजीही जाते. ते इमारती बांधतात, त्या इमारतीत त्यांना जागा नसते. आपल्या तालुक्यातूनही माणसे कामासाठी मुलुख सोडून जातात. ती तिकडे कोठे झोपतात, हे कधी विचारले आहे काय?

तिसरा ग्रह असा की असा माणूस धोक्याचा असतो. हा ग्रह फार भयंकर आहे, कारण तो जीव घेतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकले. पोरे पळविणारी टोळी आल्याची अफवा होती. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणारी, भटकी. त्यांच्यापाशी कोणतेही मूल नव्हते. गोऱ्या सरकारने १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. सोनाळ्याच्या थांब्यावरील माणसाबद्दल वर्गात मी जे बोललो, ते त्याच अफवेचे पहिले पाऊल होते, हे आज मला कळते आणि अंगावर काटा येतो.

बाबांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्यात भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. पोट भरण्याचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरणारा, की तो भिकेवर जगत असावा असे वाटेल, तोही त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो. म्हणजे तरुणपणीचे गाडगेबाबा त्यात बसले असते. २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्या कायद्याची शिक्षेची कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. गरिबी हा गुन्हा होऊ शकत नाही, हे आपल्या संविधानाचे साधे तत्त्व आहे.

दुसऱ्यांसाठी छप्पर

ज्याने स्वतःसाठी एक झोपडीसुद्धा धरून ठेवली नाही, त्याने उभे आयुष्य काय केले? दुसऱ्यांसाठी छप्पर उभे केले. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरलाही धर्मशाळा आणि शाळा झाली. लोक कीर्तनात पैसे देत ते सारे या कामात जात. बाबा एक पैसा स्वतःपाशी ठेवीत नसत. उभ्या केलेल्या संस्थांवर आपल्या नातलगांचा हक्क त्यांनी ठेवला नाही. कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही.

पंढरपूरची गोष्ट आपल्याशी जवळची आहे. यात्रेला लाखो माणसे येत. वरच्या जातींसाठी वाडे, मठ, धर्मशाळा होत्या. अस्पृश्य वारकरी मात्र पावसाचिखलात चंद्रभागेच्या वाळवंटात पडून राहत. देवळाचे दार तर त्यांना बंदच होते, ते १९४७ साली उघडले. ज्या चोखामेळ्याचे अभंग सारे गात, त्या चोखामेळ्याच्या जातीला रात्री पाठ टेकायला हातभर जागा नव्हती. बाबांनी तेथे १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी केली. स्वतः मात्र ते यात्रेच्या दिवसांत वाळवंट झाडीत फिरत. देवळात जाण्यापेक्षा त्यांना हे काम मोठे वाटे.

मुंबईत त्यांनी पाहिले की गावाकडून मोठ्या दवाखान्यात रोगी येतो. त्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेली आई, बायको, भाऊ फुटपाथवर झोपतात. जे. जे. रुग्णालयाजवळ अशा नातलगांसाठी त्यांनी धर्मशाळेची सोय घडवून आणली. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तेथे टाटा रुग्णालयात उपचाराला आलेले कर्करोगाचे गरीब रोगी आणि त्यांचे नातलग राहतात. आजारपणाने माणूस कसा रस्त्यावर येतो, हे ज्यांना समजत नसेल त्यांनी एकदा तेथे जाऊन यावे. तेथे बागायतदारही भेटतो आणि मजूरही भेटतो.

१९२३ सालची एक हकीगत. कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू होते. तेवढ्यात त्यांचा मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. ही हकीगत ऐकून पुष्कळांना वाटते की भटक्या माणसाला घरच्यांची माया नसते. मला ते पटत नाही. मुलगा गेल्याचे दुःख ज्याला होत नाही तो दुसऱ्यांच्या लेकरांसाठी शाळा का मागेल? दुःख आत ठेवून पुढे चालणारी माणसे रस्त्यावर पुष्कळ असतात. ती रडत नाहीत म्हणून त्यांना मन नाही असे समजू नये.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा

परमपूज्य बाबासाहेबांना बेघर माणसाचे दुःख पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनहून परत आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले. राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तर जात कळताच काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. एवढा मोठा विद्वान त्या दिवशी बागेत झाडाखाली बसून रडला. त्या झाडाखालून जाणाऱ्या एखाद्या माणसाने त्यांना पाहिले असेल तर काय वाटले असेल? कोणीतरी बेकार, कोणीतरी नालायक, असेच ना? म्हणून सांगतो, डोक्यावर छप्पर नसणे ही माणसाच्या लायकीची खूण नाही. छप्पर कोणी काढून घेतले, हा खरा प्रश्न आहे.

या दोघांचा परस्परांवर फार लोभ होता. एक परदेशच्या पदव्या घेतलेला, दुसरा निरक्षर. एकाचा पोशाख कोट-पाटलोण, दुसऱ्याचा चिंध्या. पण दोघांचे दुखणे एक होते. १९४९ साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ती धर्मशाळा त्यांनी शिक्षणाच्या हाती दिली, याचा अर्थ नीट समजून घ्या. रात्रीपुरता निवारा धर्मशाळा देते. जन्माचा निवारा शिक्षण देते. बाबांना हे कळले होते. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला कॉलेज काढले ते सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने. जो स्वतः निरक्षर होता, त्याच्या नावाने कॉलेज आणि पुढे विद्यापीठ!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी प्राण सोडला. घर सोडलेला हा माणूस शेवटीही रस्त्यावरच गेला.

आपण काय घ्यावे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. हे चरित्र धम्माच्या पाक्षिकात कशासाठी?

बाबांचा विठ्ठल आपल्याला घ्यायचा नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने तो मार्ग सोडला आहे. बाबांची करुणा मात्र घ्यायची आहे, आणि ती धम्माला परकी नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारले होते की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की समाजाचा सेवक असावा. खराटा घेऊन फिरणाऱ्या या अनागारिकाने त्या प्रश्नाचे एक उत्तर जगून दाखविले, मग त्याने चीवर घातलेले असो की नसो.

दुसरी गोष्ट. आपल्या भागात अजून पुष्कळ तोंडांवर एक वाक्य असते की, याने मागल्या जन्मी पाप केले म्हणून हा असा भोगतो. कालपर्यंत हेच वाक्य आपल्याबद्दल बोलले जात होते. बाबासाहेबांनी मागील जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत धम्मात घुसू दिला नाही. गरिबीची जबाबदारी गरिबावरच ढकलून समाजाला मोकळे करणारा हा विचार त्यांनी अन्यायाचा ठरविला. दीक्षा घेतलेल्या माणसाने बेघर माणसाकडे पाहून कर्माचे नाव काढले, तर त्याने देव्हारा हलविला पण डोके हलविले नाही असे समजावे. आपली नववी प्रतिज्ञा सांगते की सर्व माणसे समान आहेत. तिच्यात पक्के घर असलेली सर्व माणसे, असे लिहिलेले नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेअठरा लाख माणसे बेघर मोजली गेली, त्यांतील दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातील. एवढ्या माणसांना आपण घरे देऊ शकत नाही, ते शासनाचे काम आहे आणि त्यासाठी शासनाला जाब विचारला पाहिजे. पण थांब्यावरच्या एका माणसाला नाव विचारणे आपल्या हाती आहे. तो जेवला का हे विचारणे आपल्या हाती आहे. अफवा कानावर आली तर ती पुढे न देणे, आणि कोणी दगड उचलला तर त्याचा हात धरणे आपल्या हाती आहे. आजारी असेल तर सरकारी दवाखान्यात नेणे, हरवलेला असेल तर पोलीस पाटलाला कळविणे आपल्या हाती आहे. पौर्णिमेला विहारात खीर होते. त्या दिवशी दाराबाहेर कोणी बसलेला असेल तर त्याला आत बोलवा. आपल्या बापजाद्यांना वेशीच्या आत घेतले नाही. विहाराच्या दाराशी आपणच वेस उभी करू नये.

आणि घरात लेकरांशी बोलताना जपून बोला. जेवत नाही म्हणून त्यांना झोळीवाल्या बाबाची भीती घालू नका. ही भीती मोठी झाली की तिचा राईनपाडा होतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी भर वर्गात दिले. फोटोतल्या बाबांत आणि थांब्यावरच्या माणसात मला ठाऊक असलेला फरक एकच आहे, तो असा की बाबांचे चरित्र कोणीतरी लिहिले आणि त्या माणसाला कोणी काही विचारलेच नाही. त्याच्याविषयी मी जे बोललो ते चुकीचे होते, हेही मी मुलांसमोर कबूल केले. तो माणूस मला पुन्हा दिसलेला नाही. पण तसा दुसरा कोणी येईलच. या पावसाळ्यात तो तुमच्या गावी आला, तर माझी चूक तुम्ही करू नका.

नमो बुद्धाय. जयभीम.